गेरूच्या रेघेवरून जुना नकाशा

बुलढाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतो, घाटावरचे की घाटाखालचे? बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. माती, पाणी, पीक, सगळं या एका उत्तरावरून कळतं, कारण मुळात हा फरक खडकाचा आहे. घाटावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा जवळजवळ पायाला लागतो. घाटाखाली तोच लाव्हा पूर्णेच्या गाळात खोल गाडला गेला आहे.

या थरांवरून जिल्ह्याचा जुना भूगोल काढता येतो. कुठे कोरडी जमीन होती, कुठे पाणी साचत होतं, लाव्हा कुठून कुठे गेला, नद्या कधी फाकल्या. पदवी लागत नाही, चिकाटी लागते. शाळेतल्या मुलांना सोबत घेऊन हिवाळ्यात करावं असं हे काम आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्या. बुलढाण्यात सगळा काळा दगडच दिसतो, म्हणून माणूस काळा दगड पाहत बसतो. पण लाव्ह्याचा एक थर येऊन पसरायला लागलेला काळ, दोन थरांमधल्या शांत काळापुढे काहीच नाही. त्या शांत काळात पाऊस पडला, खडक कुजला, माती झाली, डबकी साचली. भूगोल त्या फटीत आहे. तेव्हा लक्ष लाव्ह्यापेक्षा लाव्ह्याच्या सुट्ट्यांकडे ठेवायचं.

साहित्य

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावरचा भूशास्त्रीय नकाशा. होकायंत्र, कोनमापक (मोबाइलमधला चालतो), तीस मीटरचा टेप, दहापट दाखवणारं भिंग, विहिरीसाठी वजन बांधलेला दोर, पाण्याची बाटली, आलेख कागद, ट्रेसिंग पेपर, पेन्सिल. चुनखडी ओळखायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी ड्रॉपरबाटली, तीही मोठ्यांच्या हातात. हातोडा न्या, पण तो कुठे काढायचा नाही ते पुढे येईलच.

पायरी पहिली : उभा काप शोधा

खडकाचे थर आडवे आहेत, म्हणून ते पाहायला उभा काप लागतो. तो तीन ठिकाणी मिळतो: घाटरस्ता, विहीर आणि नदीची दरड.

बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट सुरुवातीला उत्तम. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर आहे, आणि तिथून रस्ता थेट घाटाखालच्या सपाटीवर येतो. म्हणजे एकाच रस्त्यावर एकावर एक बसलेले कितीतरी लाव्हे ओळीने भेटतात. खामगावच्या बाजूचा बोथा घाट ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय रस्ता सोडू नका. दोन्हीकडे वळणावर थांबू नका, आणि सैल दगड लटकत असलेल्या कापाखाली मुलांना उभं करू नका.

विहीर निवडताना नवी, न बांधलेली निवडा. सिंदखेड राजाची पुतळाबारव पाहायला जरूर जा, पण या कामाला ती निरुपयोगी. घडीव दगडांच्या मागे काय आहे ते बारव सांगत नाही.

पायरी दुसरी : स्तंभ काढा

आधी स्वतःच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मोजा. समजा दीड मीटर आली. घाटाच्या पायथ्याशी उभं राहून कोनमापक शून्यावर धरा आणि समोर चढावर नजर नेमकी जिथे टेकते ती खूण लक्षात ठेवा. चालत त्या खुणेवर जाऊन उभे राहा. तुम्ही दीड मीटर चढलात. पुन्हा शून्य, पुन्हा खूण. वळणावळणाचा रस्ता असला तरी उंचीचा हिशेब चुकत नाही. दर काही खेपांनी नकाशावरच्या समोच्च रेषेशी पडताळून घ्या. मोबाइलचा जीपीएस जागा ठीक दाखवतो, उंचीत मात्र दहा-वीस मीटर सहज फसवतो.

आलेख कागदावर १ सेंटिमीटरला ५ मीटर असं प्रमाण धरून तळापासून वर थर भरत जा. दोन लाव्ह्यांच्या फटीतली तांबडी माती म्हणजे गेरू. या प्रमाणात अर्ध्या मीटरचा गेरू जेमतेम मिलिमीटरभर दिसेल. म्हणून दर फटीसाठी शेजारी वेगळा चौकोन आखा आणि तिथे १ सेंटिमीटरला १० सेंटिमीटर प्रमाण घ्या. ज्याला महत्त्व द्यायचं त्याला कागदावर जागाही द्यावी लागते.

पायरी तिसरी : एक लाव्हा कुठे सुरू होतो, कुठे संपतो

विहीर खोदणाऱ्यांनी ही विभागणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. भोकाभोकांचा तो मांजऱ्या, घट्ट तो काळा पाषाण, कुजका तो मुरूम. लाव्ह्याच्या थराच्या तळाशी बारीक नळ्यांसारखी पोकळी दिसते. मध्यभाग घट्ट, उभ्या भेगांनी तडकलेला. वरचा भाग मांजऱ्या, कारण निसटता वायू वर येऊन तिथे अडकला. पुढे त्या भोकांत पाण्यासोबत आलेली खनिजं बसली: पांढरा झिओलाइट, गारगोटी, कधी अकीक. मांजऱ्या संपून त्यावर पुन्हा घट्ट, नळ्यांचा तळ लागला की नवा लाव्हा सुरू झाला. मध्ये काहीच नसेल तर दोन्ही पाठोपाठ आले, सुट्टी नव्हती. दख्खनचे पुष्कळ लाव्हे अशा लहान लहान जिभांनी बनलेले आहेत, त्यामुळे दर जिभेला वेगळा काळ देऊ नका.

पायरी चौथी : गेरूपाशी थांबा

मांजऱ्या आणि वरच्या लाव्ह्याच्या मध्ये तांबडी रेघ दिसली की बाकी सगळं बाजूला ठेवा. ही या कृतीतली मुख्य जागा.

हाताने सैल माती झाडून ताजा पृष्ठभाग उघडा करा. आधी खालचा सांधा पाहा. तांबडेपणा खाली हळूहळू फिका होत कुजक्या मुरमात विरत असेल, आणि मुरमात मूळ दगडाचे गोळे शिल्लक असतील, तर ही माती तिथेच, त्याच लाव्ह्यातून तयार झाली. सांधा सुरीने कापल्यासारखा असेल आणि आत बारीक पापुद्रे दिसत असतील तर ती सामग्री वाऱ्याने किंवा पाण्याने आणली असावी, किंवा ज्वालामुखीची राख असावी. गेरू म्हणजे नुसती माती की राखही, यावर संशोधकांत मतभेद आहेत, आणि एकाच घाटात दोन्ही प्रकार असू शकतात. म्हणून ‘गेरू दिसला’ एवढं लिहून पुढे जाऊ नका, दोन्ही सांधे लिहा.

मग वरचा सांधा. तो जवळजवळ नेहमी तीव्र असतो, आणि वरची काही सेंटिमीटर माती विटेसारखी भाजलेली, कडक असते. वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजली. खालून हळूहळू आणि वरून एकदम, ही जोडी दिसली की इथे उघडी जमीन होती असं बिनधास्त लिहा.

आता एक ढेकूळ तळहातावर ओलं करून चोळा. चिकट, बोटांत रेती लागत नाही, म्हणजे कुजणं बरंच पुढे गेलं होतं. भिंगाखाली बारीक, फांद्या फुटलेल्या नळ्या दिसल्या तर मुळांच्या खुणा असू शकतात. पांढऱ्या गाठींवर आम्लाचा थेंब टाका. फेस आला तर चुना, आणि मातीत चुन्याच्या गाठी मोठ्या कोरड्या ऋतूत धरतात. तांबडा रंग हवा खेळत असल्याचा, निचऱ्याचा. राखाडी-हिरवा रंग पाणी तुंबल्याचा असू शकतो, पण नंतर शिरलेल्या हिरव्या खनिजांनीही तो येतो, म्हणून एकट्या हिरव्या रंगावर तळं काढू नका.

कधी गेरूच्या जागी पांढुरका किंवा राखाडी, नखाने ओरखडा न उठणारा चर्ट लागतो. तसा लागला तर शंख शोधा. स्टीफन हिस्लॉप या नागपूरच्या मिशनऱ्याने १८५०च्या दशकात तिथल्याच टाकळीच्या अशा थरांत गोड्या पाण्यातले शंख गोळा केले होते. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळं होतं, याचा त्याहून सोपा पुरावा नाही.

पायरी पाचवी : लाव्ह्याची दिशा

तळाच्या नळ्या पुष्कळदा वाकलेल्या असतात. वायू वर चढत असताना लाव्हा पुढे सरकत होता, म्हणून नळीचं वरचं टोक प्रवाहाच्या दिशेला कलतं. दिशा होकायंत्राने घ्या, पण खडकाला चिकटून नको. बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिज असतं आणि सुई भरकटते. दोन पावलं मागे येऊन वाचा. एका नळीवर भिस्त ठेवू नका. एकेक जीभ वाट फुटेल तिकडे गेलेली असते, सरासरी दिशा पुष्कळ नोंदींतूनच दिसते.

पायरी सहावी : विहिरींना विचारा

घाट एक रेघ देतो. नकाशासाठी रेघा पसरल्या पाहिजेत, आणि ते काम घाटावरच्या विहिरी करतात. गेरू पाण्याने फुगतो आणि विहिरीची भिंत त्या पट्ट्यात ढासळते. त्यामुळे काळ्या पाषाणाची खोली शेतकरी विसरेल, गेरूची विसरत नाही. बांधावर जाऊन सरळ विचारा, “भाऊ, गेरू कितीवर लागला?” उत्तर बहुतेक असंच येतं, “सात परसावर लागला, मंग काया पाषाण.” परस या खोलीच्या मापाचा हिशेब गावागणिक बदलतो, तेव्हा मालकाच्या परवानगीने दोर सोडून मीटरमध्ये मोजाच. विहिरीत उतरू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात, त्याही पाहता येतात.

विहिरीच्या तोंडाची उंची नकाशावरून काढा आणि त्यातून खोली वजा करा. समजा घाटात एक जाड गेरू ५४० मीटरवर आहे आणि दक्षिणेला ८ किलोमीटरवरच्या विहिरीत तसाच गेरू ५३२ मीटरवर. म्हणजे किलोमीटरला एक मीटर उतार. दख्खनच्या लाव्ह्यांना असा मंद उतार शोभतो. पण तिसऱ्या विहिरीत तो एकदम ४९० मीटरवर लागला तर थांबा. एक तर तो वेगळा गेरू आहे, किंवा जुन्या जमिनीलाच तिथे दरी होती, किंवा मध्ये भ्रंश आहे. वरखालच्या लाव्ह्यांची ओळख पटवल्याशिवाय तिन्हींतलं काही ठरवू नका. दगडात नखाएवढे मोठे पांढरे फेल्डस्पार स्फटिक असलेला एखादा थर मिळाला तर तो सोन्याहून मोलाचा, कारण तो दुरूनही ओळखता येतो.

पायरी सातवी : लोणारला जा, पण थर उलटे असू शकतात हे धरून

लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. काठावरून समोरची भिंत न्याहाळली की आडव्या पायऱ्या दिसतात. एकेक पायरी म्हणजे एकेका लाव्ह्याचा घट्ट भाग, मधले बसके पट्टे म्हणजे मांजऱ्या आणि गेरू. इथवर घाटातलंच शिक्षण चालतं.

काठाच्या वरच्या भागात मात्र नियम फिरतो. उल्केच्या आघाताने थर बाहेरच्या बाजूला कलले आहेत, आणि त्यावर उडून पडलेला ढिगारा आहे. त्या ढिगाऱ्यात खालचा दगड वर आणि वरचा खाली असाही क्रम सापडतो. ‘खालचा थर जुना’ हे वाक्य पाठ करून आलेला विद्यार्थी इथेच अडकतो. खूण अशी: नळ्यांचा तळ वरच्या अंगाला आणि मांजऱ्या खाली दिसला तर तो तुकडा पालथा पडला आहे.

हा ढिगारा ज्या जमिनीवर पडला ती माती काही ठिकाणी त्याखाली शाबूत आहे, म्हणजे आघाताच्या दिवशीचा भूगोल झाकून ठेवलेला. पण तो दिवस कोणता? तप्तदीप्तीच्या पद्धतीने विवराचं वय सुमारे ५२,००० वर्षं निघालं, आर्गॉनच्या पद्धतीने २०११ मध्ये सुमारे ५,७०,००० वर्षं. नकाशावर दोन्ही लिहा. मला आर्गॉनचा आकडा जास्त भरवशाचा वाटतो, तरी क्रम ठरवायला आकडा लागत नाही. लाव्ह्यानंतर, कुजण्यानंतर, तळ्याच्या गाळाआधी, एवढं उघड्या डोळ्यांनी कळतं.

लोणार १९७९ पासून राष्ट्रीय भूवारसा स्थळ आहे, शिवाय आता अभयारण्यही आहे. तिथे हातोडा पिशवीतून काढायचा नाही आणि खडाही खिशात टाकायचा नाही.

तळ्याच्या गाळाने तर अलीकडचा भूगोल दिला आहे. तिथून काढलेल्या सुमारे १० मीटर गाळाच्या अभ्यासात गेलुसाइट या क्षाराचे स्फटिक ठरावीक पट्ट्यांत सापडले. हे स्फटिक पाणी फार आटून खारं झाल्यावर बनतात. त्यावरून २०१४ मध्ये संशोधकांनी दोन लांबलेले कोरडे काळ मांडले, एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. क्षारावरून पाऊस वाचण्याची ही रीत पुढच्या पायरीत कामाला येते.

पायरी आठवी : घाटाखाली, खारपाणपट्ट्यात

नांदुऱ्याहून जळगाव जामोदला जाताना येरळीजवळ पूर्णा लागते. नदीची दरड पाहा. पिवळसर गाळ, काळी चिकण, चुन्याच्या गाठी, मधूनच गोट्यांच्या पट्ट्या. गोटे कशाचे आहेत ते मोजा. सगळे बेसाल्ट आणि अकीक असतील तर पाणी लाव्ह्याच्याच डोंगरांतून आलं. वाळूच्या खडकाचे गोटे निघाले तर लाव्ह्याखालच्या जुन्या खडकापर्यंत कुठेतरी झीज पोचली होती. चपटे गोटे एकमेकांवर रेलून बसलेले असतील तर त्यांचा उतार प्रवाह जिकडून आला तिकडे असतो.

पूर्णेच्या खोऱ्यात सर्वांत खोल जागी गाळ ३०० मीटरहून जाड आहे, आणि जमिनीची उंची अडीचशे-पावणेतीनशे मीटरच्या आसपास. वजाबाकी केली तर गाळाखालचा लाव्हा समुद्रसपाटीच्याही खाली जातो. ही गोष्ट ऐकली, आणि त्यात या खारपाणपट्ट्यातलं पाणीही खारं, की ‘इथे समुद्र होता’ असं लोक ठामपणे सांगतात. ते नकाशावर चढवू नका. सातपुड्याच्या पायथ्याशी गाविलगडचा मोठा भ्रंश आहे. खोरं खचत गेलं आणि नद्या ते भरत गेल्या, एवढ्याने ही जाडी जमते. खारेपणाला तर समुद्राची गरजच नाही. लोणारचं तळं समुद्रापासून किती लांब आणि किती खारं! निचरा नाही, ऊन भरपूर, चिकण माती जाड, की क्षार साचतात. समुद्र काढायचा तर समुद्री जीवाश्म दाखवावे लागतात.

लाव्ह्याच्या काळातले तसे जीवाश्म दाखवले गेले आहेत, पण मध्य प्रदेशात. छिंदवाड्यातल्या झिलमिलीच्या थरांत समुद्री प्लवकांचे जीवाश्म २००९ मध्ये नोंदले गेले, आणि मोहगावकलानला निपा या खाडीकाठच्या पामाची फळं सापडली होती. त्या काळी समुद्राचा एखादा फाटा मध्य भारतात शिरला असावा. तो बुलढाण्यापर्यंत ओढायला आपल्याकडे थर नाही. तिथे प्रश्नचिन्ह काढा आणि पुढे चला.

पायरी नववी : नकाशा जगावर ठेवा

लाव्हा थंड होताना त्यातली चुंबकीय खनिजं तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राला लागून बसतात. १९५६ मध्ये क्लेग आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या खडकांवरून दाखवलं की भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. मोजणी प्रयोगशाळेतच होते, हिशेब मात्र वर्गात होतो. चुंबकीय कलाची टॅन किंमत ही अक्षांशाच्या टॅन किमतीच्या दुप्पट असते. कल ४५ अंश धरला तर टॅन १, त्याचं निम्मं ०.५, आणि अक्षांश साडेसव्वीस अंश. बुलढाणा आज साडेवीस अंश उत्तरेला. म्हणजे सत्तेचाळीस अंशांचा, पाच हजार किलोमीटरहून जास्त प्रवास, वर्षाला सरासरी आठ सेंटिमीटर. वेग नेहमी सारखा नव्हता, आशियाला भिडल्यावर तो मंदावला.

पायरी दहावी : कागद एकावर एक

आता ट्रेसिंग पेपरवर जिल्ह्याची हद्द पाच वेळा काढा. पहिल्या कागदावर लाव्ह्याआधीचा काळ. तो बुलढाण्यात दिसत नाही. जवळची खिडकी अमरावती जिल्ह्यात सालबर्डीला, जिथे भ्रंशामुळे लाव्ह्याखालचे लॅमेटा नावाचे थर उघडे पडले आणि डायनासोरचे अवशेष मिळाले. तेव्हा हा कागद जवळजवळ कोरा ठेवा. दुसऱ्यावर सर्वांत ठळक गेरूच्या वेळची जमीन, तिची उंची, डबकी, लाव्ह्याची दिशा. तिसऱ्यावर पूर्णेचं खचणं आणि अजिंठ्याच्या रांगेवरचा पाणलोट: उत्तरेचं पाणी पूर्णेतून तापीला आणि अरबी समुद्राला, दक्षिणेचं खडकपूर्णा-पैनगंगेतून गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला. चौथ्यावर लोणारचा आघात. पाचव्यावर तळ्यातले कोरडे काळ.

पाहिलं ते सलग रेघेने, दोन विहिरींच्या मधलं तुटक रेघेने, ओढूनताणून आणलेलं प्रश्नचिन्हाने. कागद तयार झाला की तारीख टाका आणि एप्रिल-मेपर्यंत ठेवून द्या. उन्हाळ्यात विहिरी आटतात, आणखी दोन-तीन परस भिंत उघडी पडते, आणि पाण्याखाली दडलेला गेरू दिसला की निम्म्या तुटक रेघा खोडाव्या लागतात. पेन्सिल म्हणूनच सांगितली होती.